वीण

मावशीच्या मांडीवर ओलं फडकं,
फडक्यात वाघनखीच्या काळ्या पट्ट्या.
टूसॉन दीड तासावर. गाडीत ती विणत नाही,
पट्ट्या फक्त सुकू देत नाही.
मागे बाबोकिवरीचा सुळका, पुढे रस्ता,
माझ्या बाजूची काच अर्धीच वर जाते.

तिनं आधी सांगितलं नव्हतं.
लघवीला फेस येतो हे भाचीला कोण सांगतं?
मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली,
"भांडी घासल्यासारखा. फुटतच नाही गं."
आणि बूट चढवताना घोट्यावर बोट दाबलं.
खळगा बराच वेळ तसाच राहिला,
जणू कुणी तिथे बसून नुकतंच उठून गेलं होतं.

डॉक्टर ब्रॅनिगन तरुण, पण घाई नव्हती त्याला.
त्यानं पडदा आमच्याकडे वळवला.
तिच्या मूत्रपिंडाचा कण, करडा,
हजारो पटींनी मोठा केलेला.
ही रक्ताची नळी, म्हणाला, केसाहून बारीक.
हिच्या अंगावर बाहेरून या पेशी बसतात
पाय रोवून. एकीची बोटं दुसरीच्या बोटांत,
मधे फट, फटीवर जाळी.
पाणी सुटतं, मीठ सुटतं, घाण सुटते,
कामाचं प्रथिन रक्तातच राहतं.

मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"माझ्या आईची टोपली पाणी धरायची,"
ती म्हणाली, "थेंब गळायचा नाही.
ही उलटी. पाणी सोडायचं, बाकीचं धरायचं.
अवघड काम आहे."
मग खुर्ची पुढे ओढून
पडद्यावर बोट टेकवलं.
"इथे वीण गेली."

तो थबकला. हो. तिथेच.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली.
कुठून आली, ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही:
आईच्या शेतातल्या टेपरीच्या शेंगा,
मग पुराचं पाणी शेतात येईनासं झालं,
मग महिन्याच्या महिन्याला खोकी,
पांढरं पीठ, पांढरी साखर, डब्यातलं मांस.
तो फक्त पेशींचं बोलला.
पायाखालची चटई जाड होत गेली, ताठरली,
आतून रक्ताचा रेटा वाढला,
बोटं आखडली, सपाट झाली, एकमेकांत मिटली,
आणि मग काहींनी काढता पाय घेतला.
लघवीतून गेल्या. फेसाबरोबर.

"त्यांच्या जागी नव्या येतात?"
"जवळजवळ नाहीच."
उरलेल्या पाय पसरतात, रिकामी जागा झाकू बघतात.
अंथरूण तेवढंच, पाय कमी.
ताणून ताणून त्याही सुटतात.

मावशी हसली. त्याला कळलं नाही का.
बुधवारी आमच्याकडे अकराजणी विणायला बसायच्या.
आता चौघी.
इलॉइसच्या अर्धवट टोपल्या व्हर्नानं घेतल्या,
व्हर्नाच्या मावशीनं,
तीनदा आठवड्याला यंत्राशी बांधलेल्या हातानं
कोणी वीण घट्ट ओढू शकत नाही.

"म्हणजे उरलेल्यांवर भार कमी करायचा,"
ती डॉक्टरला म्हणाली,
जसं काही तोच शिकाऊ होता.
रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, मिठाला हात आखडता.
गेलेल्या परत येणार नाहीत.
आहेत त्यांना बसू द्यायचं.

निघताना तिनं चित्राची प्रत मागून घेतली.
मला वाटलं, नक्षी उतरवेल.
काळ्या पट्टीनं, पांढऱ्या युकावर,
ती मिटलेली बोटं.

तसलं काही नाही.
कागदाच्या पाठीवर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या
आणि फ्रीजला चिकटवला, चित्र आतल्या बाजूला.
रात्री दिवाणावर पाय वर घेऊन बसते,
घोट्यावर बोट दाबते,
खळगा भरेपर्यंत मोठ्यानं आकडे मोजते.
सोमवारी एकोणीस.
काल सतरा.
आज मोजता मोजता झोप लागली,
ओलं फडकं हातातच होतं.
मी पट्ट्यांवर थोडं पाणी शिंपडलं.